वर्तुळ कोठे चुकते?

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोजमापाशी आपल्या प्रत्येकाचा रोजचा संबंध येतो. आठवड्याच्या बाजारातील तराजू, रास्त भाव दुकानातील वजनकाटा, दूध संकलन केंद्रावरील माप, पेट्रोल पंपावरील लिटर ही सर्व मापे खरी असावीत यासाठी शासनाची स्वतंत्र यंत्रणा काम करीत असते. १९५६ साली संसदेने प्रमाणित वजने व मापे यांचा कायदा केला आणि त्यानंतर शेर-पायलीच्या जागी किलोग्रॅम व लिटर, वार-फुटांच्या जागी मीटर रूढ झाले. आज २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम लागू आहे. घेणाऱ्याची फसवणूक होऊ नये आणि देणाऱ्यावर अन्याय होऊ नये, हा या व्यवस्थेचा हेतू होय.

आज मी जे माप आपल्यापुढे ठेवणार आहे ते बाजारातील नसून कारखान्यातील आहे. परंतु त्यामागील प्रश्न तोच आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, सातपूर, अंबड, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे, पंपांचे, इंजिनांचे सुटे भाग तयार होतात. त्यांतील कितीतरी भाग लहान कारखानदार बनवितो आणि मोठा कारखाना ते विकत घेतो. घेताना मोजून घेतो. समजा, एखाद्या लहान कारखान्यातून पाचशे नगांची खेप गेली आणि तपासणीत "छिद्र गोल नाही" असा शेरा पडला, तर ती सारी खेप परत येते. त्या धातूत, विजेत आणि मजुरीत गुंतलेला पैसा अडकतो. उलट, खरोखर वाकडा असलेला नग "गोल आहे" म्हणून पुढे गेला, तर तो कोणाच्या तरी वाहनात किंवा विहिरीवरील पंपात बसतो आणि त्याचे परिणाम ज्याला भोगावे लागतात त्याने ते छिद्र कधी पाहिलेलेही नसते.

मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने माहिती अधिकारी आहे. जाणकारांकडून विषय समजून घ्यावा आणि तो सोप्या भाषेत इतरांपुढे मांडावा, एवढेच माझे काम. ते करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वर्तुळाचे माप चुकते तेव्हा दोष पुष्कळदा नगातही नसतो आणि यंत्रातही नसतो. यंत्राला प्रश्न कसा विचारला, यात तो असतो.

यंत्र काय करते?

या यंत्राचे नाव निर्देशक मापन यंत्र. कारखान्यात त्याला 'सी.एम.एम.' म्हणतात. ग्रॅनाइटच्या सपाट, जड चौथऱ्यावर एक कमान पुढे-मागे सरकते. कमानीवर एक खांब डावी-उजवीकडे जातो आणि तोच वर-खाली होतो. खांबाच्या टोकाला 'प्रोब' असतो आणि प्रोबाच्या बारीक दांडीच्या टोकाला माणकाची, म्हणजे रूबीची, छोटीशी गोळी. ही गोळी नगाला स्पर्श करते त्या क्षणी यंत्र तीन दिशांची तीन अंतरे टिपून घेते. शाळेत आपण आलेखावर बिंदूचे 'क्ष' आणि 'य' निर्देशक मांडतो. येथे उंचीचा तिसरा निर्देशक त्यात मिळवायचा, इतकाच फरक.

अशा यंत्रांची सुरुवात १९५० च्या दशकात झाली. स्कॉटलंडमधील फेरांती कंपनीचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. स्पर्श होताच संकेत देणारा प्रोब मात्र १९७२ सालचा. काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनातील बारीक नळ्या मोजण्याची अडचण सोडविताना डेव्हिड मॅकमर्ट्री या ब्रिटिश अभियंत्याने तो तयार केला. नळीला जरा जोर लावला तरी ती वाकते आणि माप चुकते. म्हणून स्पर्श अगदी हलका हवा आणि तो झाल्याचे तत्क्षणी कळले पाहिजे, ही त्यामागील गरज होती.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे यंत्र वर्तुळाला कधीच हात लावीत नाही. ते फक्त काही बिंदूंना स्पर्श करते आणि त्या बिंदूंवरून संगणक वर्तुळ काढतो. वर्तुळ ही गणिताची निष्पत्ती आहे. साक्षीदार म्हणजे ते बिंदू. साक्षीदार थोडे असले, एकाच बाजूचे असले किंवा त्यांना नीट पाहता आले नसले, तर निकाल कितीही दशांश स्थळांपर्यंत छापला तरी तो विश्वासार्ह होत नाही.

तीन बिंदू पुरेसे का नाहीत?

शिक्षक मंडळी म्हणतील, तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते, मग तीन बिंदू पुरे नाहीत काय? प्रमेय खरेच आहे. परंतु अडचण नेमकी त्यातच आहे. तीन बिंदूंतून वर्तुळ नेहमीच जाते. नग गोल असो वा नसो. तीन बिंदू घेतले की यंत्र दर वेळी "गोलाईतील दोष शून्य" असेच सांगणार. हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. दोष दिसण्याला तेथे वावच ठेवलेला नसतो.

घासून गोल केलेल्या दांड्यांत व छिद्रांत पुष्कळदा तीन किंवा पाच उंचवटे राहतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत; त्यांची उंची काही मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीन उंचवट्यांच्या नगावर समान अंतराने तीन बिंदू घेतले, तर तिन्ही बिंदू उंचवट्यांवरच पडू शकतात किंवा तिन्ही खळग्यांत. समान अंतरावरील सहा बिंदूही नेमके उंचवटे आणि खळगे यांच्या मधल्या जागी पडून फसवू शकतात. म्हणून १९८९ च्या एका ब्रिटिश मानकात वर्तुळासाठी किमान सात बिंदूंची शिफारस केलेली होती. सातचा मेळ दोन, तीन, चार, पाच वा सहा उंचवट्यांशी बसत नाही. गोलाईच मोजायची असेल तर याहून पुष्कळ अधिक बिंदू घ्यावे लागतात.

मायक्रोमीटरने व्यास मोजणाऱ्यालाही हा धोका आहेच. फ्रांत्स रूलो या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी एक आकृती वर्गात सहज काढता येते. दहा सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. प्रत्येक शिरोबिंदूवर कंपासचे टोक ठेवून समोरच्या दोन शिरोबिंदूंमध्ये दहा सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. ही फुगीर त्रिकोणी आकृती पुठ्ठ्यातून कापून दोन समांतर पट्ट्यांमध्ये फिरवा. कोणत्याही दिशेने तिची रुंदी दहा सेंटिमीटरच भरते. तरीही ती वर्तुळ नव्हे, हे पहिलीतला मुलगाही सांगेल. ब्रिटनमधील पन्नास पेन्सचे सात बाजूंचे नाणे याच तत्त्वावर बनविलेले आहे.

ही निव्वळ गंमत नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आतच नष्ट झाले आणि सात जण मृत्युमुखी पडले. बूस्टर रॉकेटाचा सदोष सांधा आणि थंडीने लवचिकपणा गमावलेली त्यातील रबरी कडी, हे कारण चौकशीत निष्पन्न झाले. त्या चौकशी आयोगावर रिचर्ड फाइनमन हे पदार्थवैज्ञानिक होते. चौकशीच्या ओघात त्यांना असे आढळले की, समुद्रातून परत आणून पुन्हा वापरावयाचे रॉकेटाचे भाग गोल राहिले आहेत किंवा नाहीत हे तीन दिशांनी व्यास मोजून ठरविले जाते. तीन व्यास सारखे भरले म्हणजे वस्तू गोल ठरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. अपघाताचे कारण ते नव्हते. परंतु जगातील अग्रगण्य संस्थेच्या कार्यपद्धतीतही शाळेच्या भूमितीतील एक पायरी सुटू शकते, हे त्यावरून दिसते.

बांगडीचा तुकडा

दुसरी मोठी अडचण अपुऱ्या कंसाची. फुटलेल्या बांगडीचा बोटभर तुकडा हाती घ्या आणि मूळ बांगडी केवढी होती ते सांगा. अर्धी बांगडी मिळाली तर सांगणे सोपे. तुकडा जितका लहान तितका अंदाज डळमळीत. उत्खननात सापडलेल्या खापराच्या काठावरून मडक्याचे तोंड केवढे होते हे ठरविणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनाही हीच अडचण येते.

कारखान्यातील भागांवर अशा छोट्या गोलाया पुष्कळ असतात. कोपरा थोडासा गोल केलेला असतो आणि नकाशावर लिहिलेले असते, 'त्रिज्या १०० मिलिमीटर'. समजा, मोजायला फक्त २० मिलिमीटर लांबीच्या जीवेएवढा कंस उपलब्ध आहे. म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांपैकी जेमतेम साडेअकरा अंश. या कंसाची जीवेपासूनची उंची सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. ही उंची मोजताना अवघ्या पाच मायक्रॉनांची चूक झाली, तर हिशोबाने निघणारी त्रिज्या १०० ऐवजी जवळपास ९९ मिलिमीटर येते. चूक पाच मायक्रॉनांची आणि परिणाम एक मिलिमीटरचा, म्हणजे दोनशे पट! तीच चूक पाव वर्तुळाच्या कंसावर झाली असती, तर त्रिज्येत फरक पडला असता सुमारे बारा मायक्रॉनांचा.

म्हणून एकच नग तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा त्रिज्या वेगळी आली, तर यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी कंस किती अंशांचा आहे ते पाहावे. कंस लहान असेल तर त्रिज्या विचारणेच सोडून द्यावे. नकाशातील त्रिज्या आणि केंद्र खरे मानून, मोजलेले बिंदू त्या आदर्श कंसापासून किती दूर पडतात एवढेच पाहावे. या प्रश्नाचे उत्तर यंत्र खात्रीने देऊ शकते. नकाशा तयार करणाऱ्यानेही अशा ठिकाणी त्रिज्येवर मर्यादा घालण्याऐवजी आकाररेषेवर मर्यादा घालणे श्रेयस्कर.

यंत्राचे बोट

आता प्रोबाकडे वळू. स्पर्श गोळीच्या पृष्ठभागाचा होतो. यंत्राला ठाऊक असते ते गोळीचे केंद्र. म्हणून गोळीची त्रिज्या हिशोबात धरावी लागते. छिद्र मोजताना ती मिळवायची आणि दांडा मोजताना वजा करायची. गोळीचे हे हिशोबी माप काढण्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी ज्ञात व्यासाच्या एका संदर्भ गोलावर प्रोब तपासून घेतात. प्रोब बदलला, दांडी बदलली, प्रोबाला चुकून धक्का लागला, तर ही तपासणी पुन्हा करणे आवश्यक असते.

ती राहून गेली हे ओळखण्याची खूण सोपी आहे. गोळी हिशोबात पाच मायक्रॉनांनी मोठी धरली गेली असेल, तर सगळी छिद्रे पाच मायक्रॉनांनी मोठी आणि सगळे दांडे पाच मायक्रॉनांनी लहान दिसतात. छिद्र दहा मिलिमीटरचे असो वा शंभरचे, चूक तेवढीच राहते. छिद्र आणि दांडा यांच्या चुका विरुद्ध दिशांना गेल्या की संशय प्रथम प्रोबावर घ्यावा.

दांडी लांब आणि बारीक असेल तर ती वाकते. अनेक प्रोबांमध्ये दांडी तीन टेकूंवर बसविलेली असते. टेकूच्या दिशेने ढकलताना आणि दोन टेकूंच्या मधून ढकलताना लागणारा जोर सारखा नसतो. परिणामी उत्तम गोल कडीसुद्धा किंचित तीन कोनी दिसू लागते. दांडी जितकी लांब तितका हा दोष अधिक. म्हणून गरज भागेल इतकी आखूड व शक्य तितकी जाड दांडी वापरावी, असा जाणत्यांचा सल्ला आहे. मात्र खोल छिद्रात दांडी स्वतःच कडेला घासते आहे काय, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. गोळीऐवजी दांडी टेकली तर तो बिंदू खोटा.

यांहून साधे कारण म्हणजे घाण. छिद्राच्या कडेला राहिलेली बर, तेलाचा थर, धातूचा कीस यांवर गोळी टेकली की एकच बिंदू उसळून वर येतो. एकच बिंदू बाकीच्यांहून फार वेगळा दिसत असेल तर नग पुसावा, गोळी पुसावी आणि पुन्हा मोजावे. नुसता तो बिंदू खोडून टाकू नये. न पुसता खोडलेला बिंदू कदाचित खराच उंचवटा असेल.

तिरपे छिद्र आणि तापलेली धाव

केळे सरळ कापले तर चकती गोल निघते, तिरपे कापले तर लांबट. छिद्राचा अक्ष जरा तिरपा असेल आणि यंत्र सरळ आडव्या पातळीत बिंदू घेत असेल, तर गोल छिद्रही लांबट दिसते. एक अंशाच्या तिरपेपणाने १०० मिलिमीटरच्या छिद्राचा एक व्यास सुमारे १५ मायक्रॉनांनी वाढतो. यावर उपाय असा की, प्रथम छिद्राच्या दोन-तीन खोलींवर बिंदू घेऊन त्याचा अक्ष ठरवावा आणि त्या अक्षाला लंब असलेल्या पातळीत वर्तुळ काढावे.

उष्णतेविषयी ग्रामीण भागातील मंडळींना मी वेगळे काय सांगावे? बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसविताना लोहार ती तापवितो. तापलेली धाव फुगते, चाकावर चढते आणि निवली की चाकाला आवळून धरते. लोहाराला हे ठाऊक होते. मोजणाऱ्याने ते विसरू नये. लांबीच्या मापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान मानले जाते. शंभर मिलिमीटरचा पोलादी नग दहा अंशांनी तापला तर सुमारे साडेअकरा मायक्रॉनांनी वाढतो. ॲल्युमिनियमचा नग त्याच्या दुप्पट. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधून थेट यंत्रावर आणलेल्या नगाचे माप म्हणजे त्या दुपारच्या उन्हाचे माप. नग यंत्राच्या खोलीत काही तास ठेवून निवू द्यावा, हे उत्तम. याचीही खूण आहे. नग तापलेला असेल तर छिद्र आणि दांडा दोन्ही मोठे दिसतात आणि चूक मापाच्या प्रमाणात वाढत जाते.

दोष नगात की यंत्रात?

एवढे सारे पाहूनही छिद्र लांबट किंवा तीन कोनी दिसतच असेल, तर खेप परत पाठविण्यापूर्वी एक गोष्ट करावी. तिला खर्च नाही आणि वेळही थोडाच लागतो. नग आहे त्याच जागी ४५ अंशांतून फिरवून ठेवावा आणि पुन्हा मोजावे. लांबटपणा नगाबरोबर फिरला तर दोष नगाचा. नग फिरला तरी लांबटपणा आधीच्याच दिशेला राहिला तर दोष यंत्राचा, प्रोबाचा किंवा मोजण्याच्या रीतीचा.

यंत्राचा दोष ठरल्यास तोही आपली दिशा सांगतो. यंत्राचे दोन अक्ष एकमेकांना अचूक काटकोनात नसतील तर वर्तुळ तिरपे, म्हणजे दोन अक्षांच्या मधल्या दिशेला, लांबट दिसते. एका अक्षाची मोजपट्टी दुसरीहून किंचित वेगळी असेल तर ते अक्षाच्याच दिशेला लांबट दिसते. असे दोष यंत्राच्या तज्ज्ञानेच दुरुस्त करावेत; परंतु ते ओळखणे चालकाच्या हाती आहे. यासाठी प्रमाणित कडी, म्हणजे रिंग गेज, जवळ असावी आणि ठरावीक दिवशी ती मोजून आकडे वहीत लिहून ठेवावेत. नगावर शंका आली की ही वही उघडून पाहता येते.

कोणते वर्तुळ?

आता एका नाजूक मुद्द्याकडे येतो. पुष्कळ बिंदू घेतले की ते कोणत्याही एका वर्तुळावर तंतोतंत बसत नाहीत. मग संगणकाने काढायचे ते वर्तुळ कोणते? सर्व बिंदूंच्या मधून जाणारे सरासरी वर्तुळ ही एक रीत. तिला लघुतम वर्गांची पद्धत म्हणतात. लेजांद्र यांनी ती १८०५ साली प्रसिद्ध केली आणि बहुतेक यंत्रे आपण होऊन तीच वापरतात. बिंदूंच्या आत बसणारे मोठ्यात मोठे वर्तुळ ही दुसरी रीत, बिंदूंना बाहेरून वेढणारे लहानात लहान वर्तुळ ही तिसरी, आणि सर्व बिंदू सामावून घेणारी कमीत कमी रुंदीची वर्तुळाकार पट्टी ही चौथी. गोलाईच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येचा आधार ही चौथी रीत आहे.

उदाहरण घेऊ. छिद्र २५ मिलिमीटरचे, २५.००० ते २५.०२१ यांच्या दरम्यान ते चालेल. यंत्र सांगते २५.००६. नग उत्तीर्ण. परंतु जोडणीच्या वेळी २५.००० चा प्लग गेज आत जातच नाही! कामगार म्हणतो यंत्र खोटे, तपासनीस म्हणतो गेज खोटा. दोघेही बरोबर असू शकतात. छिद्रात तीन उंचवटे आहेत आणि ते प्रत्येकी पाच मायक्रॉन आत आलेले आहेत. सरासरी व्यास खरोखरच २५.००६ आहे, आत मावणारे वर्तुळ मात्र २४.९९६ चे. खीळ सरासरी वर्तुळात बसत नसते, ती उंचवट्यांच्या मधून जाते. म्हणून ज्या छिद्रात खीळ बसायची आहे तेथे आत मावणाऱ्या वर्तुळाचा व्यास विचारावा. दांड्यासाठी बाहेरून वेढणाऱ्या वर्तुळाचा. वस्तूचा उपयोग काय, यावर प्रश्न ठरवावा आणि अहवालात कोणती रीत वापरली ते लिहावे.

वर्तुळ सोडून इतर वक्ररेषांकडे, म्हणजे इंजिनातील कॅम किंवा पंपाच्या पात्यासारख्या आकारांकडे, वळले की गोळीच्या त्रिज्येचा हिशोब अधिक सावधपणे करावा लागतो. पृष्ठभाग उतरता असेल तर गोळी तळाशी टेकत नाही, बाजूने टेकते. तीस अंशांच्या उतारावर एक मिलिमीटर त्रिज्येची गोळी सरळ वरून आणली आणि त्रिज्या सरळ खाली वजा केली, तर सुमारे ०.१५५ मिलिमीटरची चूक होते. त्रिज्येची वजावट पृष्ठभागाला लंब दिशेने झाली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाची दिशा यंत्राला नकाशावरून अगोदर सांगावी लागते. वक्ररेषेचा जो भाग सपाट तेथे माप बरोबर आणि जेथे उतार तेथे चूक वाढत जाते, असे दिसले की हेच कारण समजावे.

आपले कर्तव्य

मित्रहो, हा विषय तांत्रिक असला तरी त्यातील शिस्त आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे. शासकीय खरेदीत किंवा तपासणीत अधिकाऱ्यांपुढे मापांचे अहवाल येतात. आकड्यांची रांग पाहून सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारता येतील. किती बिंदू घेतले? ते वर्तुळाच्या किती भागावर पसरलेले होते? नगाचे तापमान किती होते? वर्तुळ कोणत्या रीतीने काढले? आणि यंत्राचे व प्रोबाचे कॅलिब्रेशन केव्हा झाले? कॅलिब्रेशनची साखळी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जतन केलेल्या राष्ट्रीय मानकांपर्यंत पोहोचावी लागते. बाजारातील वजनावरचा शिक्का आणि हे प्रमाणपत्र यांचे गोत्र एकच. या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात नाहीत, तो अहवाल अपुरा समजावा.

शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी तीन प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावेत: पुठ्ठ्याची फुगीर त्रिकोणी चकती, बांगडीच्या तुकड्यावरून पूर्ण बांगडी काढणे आणि तिरपे कापलेले केळे. जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो हे प्रमेय परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या मुलाला, त्याच प्रमेयावर कारखान्यातील माणसे पोट भरतात, हे कळले पाहिजे.

पंचायत सदस्यांना सांगावयाचे ते असे. आपल्या गावातील मुले-मुली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडून या वसाहतींत तपासनीस म्हणून उभी राहतात. एका बाजूला खेप लवकर पाठविण्याची घाई, दुसऱ्या बाजूला नाकारल्यास होणारे नुकसान, आणि मध्ये विशीतला एक तरुण कामगार, असे ते चित्र आहे. "नग पुन्हा फिरवून मोजतो, थोडे थांबा," हे शब्द उच्चारण्याचे बळ त्याला ज्ञानाने येते, आणि त्याच्यामागे समाज उभा आहे या जाणिवेनेही येते. प्रशिक्षण संस्थेत मापनाची साधने आहेत काय, ती वेळोवेळी तपासली जातात काय, मुलांना स्वतःच्या हाताने मोजू दिले जाते काय, याची चौकशी आपण केलीत तर ते गावाचेच काम होईल.

खोटे वजन वापरणाऱ्याला आपल्या समाजाने नेहमीच दूषण दिले. परंतु घाईने, अर्ध्या माहितीने घेतलेले मापही तितकेच खोटे ठरू शकते आणि त्याला कोणी दूषण देत नाही, कारण ते यंत्राने छापलेले असते. यंत्र विचारले त्याचेच उत्तर देते. नीट विचारणे ही माणसाची जबाबदारी आहे आणि ती यंत्रावर सोपविता येणार नाही.